नदी उजव्या हाताला

रशियन रिव्हर ही नदी रशियात नाही, कॅलिफोर्नियात आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आम्ही जाऊन आलो म्हटल्यावर तीन जणांनी मला व्हिसाला किती दिवस लागले असं विचारलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला दीड-दोन तास गाडी हाणली की ही नदी लागते. लांबी जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर. उत्तरेच्या डोंगरांत उगवते, सरळ दक्षिणेला वाहत येते आणि हील्ड्सबर्ग नावाच्या गावापाशी काय मनात येतं कोण जाणे, पश्चिमेला वळून समुद्र गाठते. दोनशे वर्षांपूर्वी इथे पाणमांजरांच्या कातड्यासाठी काही रशियन लोक येऊन राहिले होते. पाणमांजरं संपली तसे ते गेले. नाव मागे राहिलं.

ही माहिती मला मावशीने दिली. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमॉंटला सात वर्षं राहतोय आणि याआधी या नदीवर दोनदा जाऊन आलोय. दोन्ही वेळा ऑफिसच्या पिकनिकला, आणि दोन्ही वेळा नदीकडे पाठ करून कणसं भाजत होतो.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. वय अडुसष्ट. कराडच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाली. माझी इंजिनिअरिंगची चार वर्षं तिच्याच घरी गेली, तिच्याच हातचं खाऊन. २००४ च्या उन्हाळ्यात ती सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. आल्या आल्या तिने भिंतीवर लावायला कॅलिफोर्नियाचा नकाशा मागवला आणि त्यात ही नदी शोधून काढली. "व्होल्गा, ओब, येनिसेई, लेना," ती म्हणाली. "तीस वर्षं पोरींकडून पाठ करून घेतल्या. एकही बघितली नाही. आता ही एवढीशी का होईना, रशियन आहे ना, बघून येऊ."

ऑक्टोबर लागला होता. पुढच्या रविवारी तिचं परतीचं विमान होतं. माझी बायको मेघना म्हणाली, "तुम्ही दोघं जा, माझं सोमवारी सॉफ्टवेअर रिलीज आहे." मी सोमवारची रजा टाकली. म्हणजे आमच्या हातात तीन दिवस होते.

हील्ड्सबर्ग

पहिली चूक मी पहिल्याच दिवशी सकाळी साडेदहा वाजता केली. एकशे एक नंबरच्या हायवेवरून आम्ही उत्तरेला चाललो होतो. मावशी मांडीवर नकाशा घेऊन बसली होती. गाडी एका पुलावरून धडधडत गेली.

"ही कुठली रे?"

"हीच की. तुझी रशियन."

"ओलांडली?"

"हो. पूल होता."

दोन मैल ती मागे वळून बघत राहिली. मग म्हणाली, "हायवेच्या बाहेर पड आणि गाडी थांबव."

मी एका द्राक्षमळ्याच्या कडेला गाडी घेतली. मावशीने बोटाने नकाशावरची नदी वरपासून खालपर्यंत तपासली, वर्गात तपासायची तशीच. "आता आपण पश्चिमेच्या काठावर आहोत. उत्तरेला निघालो की नदी उजव्या हाताला येते. म्हणजे बिघडलं काही नाही. इथून धरू. आता ही नदी ओलांडायची नाही. वर उगमाला वळसा घालायचा, पलीकडच्या काठाने खाली यायचं, आणि समुद्राशी काय करायचं ते तिथे गेल्यावर बघू."

"मावशी, ही परिक्रमा झाली."

"परिक्रमा कसली. नदीचा अभ्यास करायचा तर दोन्ही काठ बघावे लागतात. हे देवाधर्माचं नाही, भूगोलाचं आहे."

मी 'नर्मदे हर'च्या चालीवर 'रशियन हर' असं म्हणून बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी गाडी सुरू केली.

आता जे नर्मदेला गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची असते. उपनद्या ओलांडलेल्या चालतात, नर्मदा नाही. फक्त समुद्राच्या मुखाशी नावेतून पलीकडच्या काठाला जायचं. मधे कुठे पात्र ओलांडलं तर परिक्रमा मोडली. रीतसर करायची तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात म्हणतात. आमच्याकडे एक वीकएन्ड आणि एक सोमवार होता.

आणि हेही आत्ताच सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी मावशी आणि काका, म्हणजे तिचे यजमान, पायी नर्मदा परिक्रमेला निघाले होते. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, काटक माणूस. दक्षिण काठावरच्या एका गावात त्यांच्या छातीत कळ आली. जवळचं मोठं हॉस्पिटल पलीकडच्या काठावर, पुलावरून वीस मिनिटांवर. याच काठाने जायचं तर चार तास. काका म्हणत होते, पूल ओलांडायचा नाही. मावशीने बूथवरून मला फोन केला. मी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये उभा होतो. मी म्हणालो, "मावशी, पूल ओलांड. आत्ताच्या आत्ता." तिने ओलांडला. काका चौथ्या दिवशी त्या पलीकडच्या काठावरच वारले. माझे व्हिसाचे कागद अडकले होते, मला जाता आलं नाही.

त्यावर आम्ही दोघं एक शब्द बोललो नव्हतो. ती आमच्याकडे सहा महिने राहिली, रोज सकाळी माझ्यासोबत चहा प्यायली, भाज्यांवर बोलली, नद्यांवर बोलली, त्यावर नाही. तिच्या मनात माझ्याबद्दल काय आहे ते मला कळत नव्हतं. रविवारी ती गेली की कळायचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे ती ज्या रस्त्याने म्हणेल त्या रस्त्याने मी गाडी नेणार होतो.

बूनव्हिल

क्लोव्हरडेलपर्यंत सगळं सुरळीत होतं. डावीकडे मळे, उजवीकडे मळे, त्यांच्यामागे नदीकाठची झाडी. द्राक्षं काढायचे दिवस होते. एका मळेवाल्याने मावशीला एक घोस दिला. तिने दोन मणी चावून बघितले, बिया हातावर घेतल्या, मोजल्या. "नुसतं साल आणि बी. तासगावला हे शेळीपुढे टाकणार नाहीत." मळेवाल्याने काय म्हणाल्या म्हणून विचारलं. मी म्हणालो, आमच्या गावाकडच्या द्राक्षांची त्यांना आठवण झाली.

क्लोव्हरडेलच्या पुढे डोंगर जवळ येतात आणि नदी आणि हायवे एकाच चिंचोळ्या घळीत शिरतात. आमच्या नकाशावर नदीची निळी रेघ आणि हायवेची लाल रेघ तिथे एकमेकींवर छापलेल्या होत्या. कोण कुणाला कुठे ओलांडतंय ते भिंगातूनही दिसेना.

"धोका नको," मावशी म्हणाली. "हा डावीकडचा रस्ता धर."

डावीकडचा रस्ता दुसऱ्याच खोऱ्यात जात होता. यूकाया गावापर्यंतचा पाऊण तासाचा प्रवास अडीच तासांचा झाला. पण त्या रस्त्याला बूनव्हिल लागलं. इथल्या जुन्या लोकांनी स्वतःची एक बोली तयार केली होती, बाहेरच्यांना कळू नये म्हणून. आता ती बोलणारे फार उरले नाहीत, असं सफरचंदं विकणाऱ्या बाईने सांगितलं. मावशीने विचारलं, बाहेरच्यांपासून लपवण्यासारखं होतं काय. बाई म्हणाली, "खरं सांगू? काहीच नाही." दोघी बराच वेळ हसल्या. आम्ही सफरचंदं घेतली आणि तिखटामिठाच्या पुऱ्यांबरोबर खाल्ली. हे जोडीने चांगलं लागतं. करून बघा.

डोंगरातल्या वळणांवर मावशीला गाडी लागते. ती आवळासुपारी तोंडात टाकून, डोळे मिटून, डोकं मागे टेकून बसते. मधूनच डोळे न उघडता विचारते, "नदी कुठल्या हाताला?"

"उजव्या. पण मधे आख्खा डोंगर आहे."

"असू दे. उजव्या ना?"

"उजव्या."

यूकायाला पोचलो तेव्हा अंधार पडायला आला होता. मोटेलशेजारी एक मेक्सिकन खाणावळ होती. तिथे राजमा आणि भात पोळीत गुंडाळून देतात, तो बरिटो. मावशीने तो उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "जेवण आणि डबा एकातच केलाय. हुशार आहेत." अर्धा तिने संपवला आणि अर्धा चांदीच्या कागदात बांधून घेतला. तो दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत आमच्याबरोबर फिरला.

रेडवूड व्हॅली

उगमाविषयी माझ्या काही कल्पना होत्या. कुंड, गोमुख, निदान एखादी पाटी. रेडवूड व्हॅलीत नकाशाने दाखवलं तिथे आम्ही उतरलो तर समोर एक साधा पूल होता आणि पुलाखाली गोटे. पाणी नाही. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो. ऑक्टोबर म्हणजे यांचा मे महिना.

मावशी खाली पात्रात उतरली. पांढरे बूट, नऊवारीसारखा खोचलेला पाचवारीचा पदर, हातात माझी गोल्फची छत्री, जी मी कधी गोल्फला नेलेली नाही. वरच्या अंगाला शंभर पावलं गेली, खालच्या अंगाला शंभर पावलं गेली, चार ठिकाणी गोटे उलटे करून बघितले. शेजारच्या घरातला एक म्हातारा कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"काही हरवलं का?"

मावशीचं इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातलं आहे. ते ऐकलं की अमेरिकन लोक नकळत ताठ उभे राहतात. "सर, वी आर लुकिंग फॉर द रिव्हर."

त्याने जरा विचार केला. "जानेवारीत या," तो म्हणाला. "जानेवारीत तीच तुम्हाला शोधत येते, थेट पायरीपर्यंत."

मावशीने तिथेच निर्णय दिला. जिथे पाणी नाही तिथे नदी नाही. नदी खाली कुठेतरी सुरू होते, म्हणजे आपण उगमाच्या वर आहोत, म्हणजे हा पूल नव्हे, नुसता रस्ता. मी गाडी पुलावरून पलीकडे नेली. मावशी मात्र पात्रातूनच, गोट्यांवरून, छत्री टेकत पलीकडे आली. विषाची परीक्षा कशाला, म्हणाली.

मग आम्ही पूर्वेची शाखा ओलांडली. ती उपनदी, त्यामुळे चालते. पण तिच्यात मात्र भरपूर पाणी होतं आणि खाली धरणही होतं. हे पाणी मूळचं तिचं नाहीच. पलीकडच्या खोऱ्यातल्या ईल नावाच्या नदीचं पाणी डोंगरात बोगदा पाडून इकडे वळवलंय आणि येता येता त्यावर वीज केलीय. मी हे पाटीवरून वाचून दाखवलं. मला वाटलं तिला नवल वाटेल.

"कोयनेचंच की," ती म्हणाली. "आपण नाही का कोयना फिरवली कोकणात. काका तर..." आणि तिथे थांबली. काकांची निम्मी नोकरी कोयनेवर झाली होती. वाक्य पुरं होईल म्हणून मी वाट बघितली. तिने नकाशाची घडी घातली आणि म्हणाली, चल.

लेकपोर्ट, आणि तिथे जायचं काही कारण नसताना

पूर्व काठाने दक्षिणेला येणारा रस्ता छान आहे. जुनी लाकडी कोठारं, पेअरच्या बागा, उजवीकडे झाडीतून चमकणारी नदी. इथे ती आमच्या साताऱ्याकडच्या वेण्णेएवढी असेल. मावशीने इथे पहिल्यांदा पाण्यात पाय घातले. पाणी गुडघ्याच्या खाली, स्वच्छ आणि गार. "एवढीशी आहे बिचारी," ती म्हणाली. "एवढ्याशा नदीवर किती मळे पोसलेत."

जुन्या हॉपलँडला तो रस्ता संपतो. उजवीकडे दिसतो पूल, पलीकडे हायवे. पूल ओलांडला असता तर तासाभरात आम्ही हील्ड्सबर्गच्या आसपास असतो. डावीकडे होता आणखी एक डोंगर.

मी पुलाकडे बघितलं. मावशीने माझ्याकडे बघितलं.

"तुला कंटाळा आला असेल तर राहू दे," ती म्हणाली. असं म्हणणाऱ्या माणसापुढे काय बोलणार. मी डावीकडे वळलो.

तो घाट मी जन्मात विसरणार नाही. वळणामागून वळण, आणि प्रत्येक वळणावर समोरून पिकअप ट्रक. मावशी डोळे मिटून आवळासुपारी चघळत होती आणि दर दहा मिनिटांनी नदी कुठल्या हाताला म्हणून विचारत होती. नदी एव्हाना दोन डोंगर पलीकडे गेली होती. मी दर वेळी उजव्या म्हणत होतो. वर चढून खाली उतरलो तर समोर लेकपोर्टचा भलामोठा तलाव. तो बघायला आम्ही आलो नव्हतो, त्यामुळे त्याबद्दल काही लिहीत नाही. तिथून दक्षिणेला, परत घाट, परत मळे, आणि सांता रोझा गाठेपर्यंत दिवस गेला. चाळीस फुटांचा पूल टाळायला साधारण दोनशे किलोमीटर पडले. संध्याकाळी मेघनाचा फोन आला. कुठे आहात, म्हणाली. सांगितलं. मग म्हणाली, "यू गाइज आर ऑन द सेम रिव्हर, राइट?"

मुक्काम सेबॅस्टोपोलला केला. नाव रशियन, मोटेल चालवणारा फिलिपिनो, गावाची प्रसिद्धी सफरचंदांसाठी. मावशीने अर्धा बरिटो गरम करून मागितला.

मॉस्को रोड

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दक्षिण काठाने समुद्राकडे निघालो. इथे नदीला रेडवूडची उंच झाडं भेटतात. ऊन वरच अडकतं आणि खाली पाण्याला चहासारखा रंग येतो. मॉंटे रिओ नावाच्या छोट्या गावापासून पुढे काठाकाठाने जो रस्ता जातो त्याचं नाव मॉस्को रोड. मावशीने पाटीखाली उभं राहून फोटो काढून घेतला. तो कराडच्या शाळेत लावायचा होता. मॉस्को रोडवर आम्हाला चार टपालपेट्या, एक मांजर आणि सायकल ढकलत चाललेला एक माणूस भेटला. त्याला मावशीने विचारलं, इथे कोणी रशियन राहतात का. तो म्हणाला, एक होता, तो फ्लोरिडाला गेला.

रस्ता पुढे पुलापाशी जाऊन संपला. परिक्रमेत मागे फिरायचं नसतं. मी इंजिन बंद करून निकालाची वाट बघत बसलो.

"वाट चुकलेल्याला दोष नसतो," मावशी म्हणाली. "घे मागे."

मग परत डोंगर, या वेळी वर गायी आणि धुकं, आणि एकदम समोर पॅसिफिक. समुद्राच्या कडेने थोडं उत्तरेला गेलं की गोट रॉक नावाचा किनारा लागतो. तो नदीच्या मुखाचा दक्षिण काठ. पलीकडे टेकडीवर जेनर गावाची घरं दिसत होती.

गाडीतून उतरलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की समुद्रापाशी काय करायचं याचा विचार आम्ही दोघांनीही केलेला नाही. नावा नव्हत्या. पूल होता, पण तो दोन मैल आत. मावशी वाळूतून दुर्बीण लावून उभ्या असलेल्या एका बाईकडे चालू लागली.

बाईंचं नाव डॉरथी. वय मावशीएवढंच. नारिंगी जाकीट घालून त्या दर सोमवारी सील, म्हणजे वाळूवर लोळणारे ते मिशाळ समुद्री प्राणी, मोजायला येतात, बिनपगारी. त्यांनी सांगितलं ते असं. उन्हाळ्याच्या शेवटी नदीला जोर नसतो, समुद्र वाळू आणून टाकतो आणि तोंड बंद होतं. आत्ता ते बंद आहे. आत पाणी साठत चाललंय, खालच्या घरांना धोका, म्हणून उद्या सकाळी मशीन आणून चर खणणार आहेत.

मी हात करून दाखवलं. "म्हणजे आज इथून तिथपर्यंत वाळूच आहे? सलग?"

"सलग."

मावशीने मला ते मराठीत परत सांगायला लावलं. तिला पहिल्यांदाच कळलं होतं, पण दुसऱ्यांदा ऐकायचं होतं. मग म्हणाली, "नर्मदेला नाव करावी लागते. आम्ही तिथपर्यंत पोचलोच नाही." आणि पिशवी उचलून निघाली.

"थांबा," डॉरथी म्हणाल्या. वाळूच्या पट्ट्याच्या बरोबर मधे साठ-सत्तर सील पसरले होते. त्यांच्या पन्नास यार्डांच्या आत जायचं नाही असा नियम. एका बाजूला समुद्र, एका बाजूला नदी, वळसा घालायला जागा नाही. मी विचारलं, हे कधी उठतात. डॉरथी म्हणाल्या, त्यांची इच्छा असेल तेव्हा. आणि समुद्राकडे पाठ करून बसू नका, इथल्या लाटा न सांगता येतात.

तर आम्ही समुद्राकडे तोंड करून बसलो. अकरा वाजले. बारा वाजले. दशम्या आणि लसणाची चटणी काढली. डॉरथींना दिली. त्यांनी चटणी जास्त घेतली, डोळ्यांत पाणी आलं, पण तक्रार केली नाही. सील लोळत होते. एखादा उठून पाण्यात जायचा आणि आमच्या आशा वाढवून परत यायचा. मंगळवारी मशीन येणार होतं, रविवारी विमान होतं. मावशी हातावर हात ठेवून बसली होती.

मला आता राहवेना. "मावशी, तुझा माझ्यावर राग आहे का?"

"कशाबद्दल?"

"मी तुला पूल ओलांडायला सांगितलं त्याबद्दल."

तिला खरंच कळलं नाही. मग कळलं. "वेडा आहेस का? फोन करायच्या आधीच मी जीप बोलावली होती. तू नाही म्हणाला असतास तरी ओलांडणारच होते. कुणीतरी हो म्हणावं म्हणून फोन केला." ती सीलांकडे बघत होती. "दोन वर्षं हे घेऊन बसलास होय?"

"मग तू का बोलत नव्हतीस?"

तिने चष्मा काढला. "पुलावर यांनी डोळे मिटले होते. माझ्या मांडीवर डोकं. मला विचारलं, नदी कुठल्या हाताला. पुलावर, अजित. दोन्ही हातांना नदी. मी म्हणाले, उजव्या. मग हॉस्पिटलात चार दिवस रोज विचारायचे आणि मी रोज उजव्या म्हणायचे. त्यांना वाटलं आपण अजून आपल्याच काठावर आहोत. त्या समजुतीतच गेले." पदराने तिने चष्मा पुसला. "बेचाळीस वर्षांत मी त्यांच्याशी तेवढंच खोटं बोलले. तेही शेवटी."

दोन दिवस हा प्रश्न ती मला विचारत होती आणि मी गाडी लागते म्हणून विचारते असं समजत होतो.

पावणेचारला डॉरथींनी दुर्बिणीतून डोळा काढला आणि म्हणाल्या, "नाऊ." भरती चढली होती. सील एकामागून एक घसरत पाण्यात गेले, शेवटचा एक जाडा तेवढा मागे राहून आमच्याकडे बघत होता. मग तोही गेला.

आम्ही निघालो. डावीकडे समुद्र आदळत होता. उजवीकडे नदी, हलत नव्हती, आभाळाच्या रंगाची, पार जेनरच्या घरांपर्यंत भरलेली. मावशी बूट हातात घेऊन चालत होती. मधोमध ती क्षणभर थांबली. हात जोडले नाहीत. उजवीकडे बघितलं आणि परत चालायला लागली. पलीकडे टेकडीवरची पायवाट चांगलीच उभी होती. अर्धी ती स्वतः चढली, अर्धी माझा हात धरून. वर हायवेच्या कडेला गाड्या थांबायची जागा होती, तिथल्या दगडावर ती बसली. तेव्हा आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की आपली गाडी दक्षिण काठावर आहे.

"मी वाळूवरून परत जातो आणि गाडी आणतो," मी म्हणालो. "पण मला पुलावरूनच यावं लागेल."

"मग ये की."

"चालेल ना?"

"पूल कशाला बांधतात रे?" ती म्हणाली. "माणसाला आणायला-न्यायला ओलांडलेला पूल मोजत नाहीत." बोलून झाल्यावर ती जरा थबकली, आपणच काय म्हणालो ते ऐकल्यासारखी. मग डोळे पुसून म्हणाली, "जा लवकर. इथे गार वारा आहे."

मी गेलो. डॉरथी सामान आवरत होत्या, त्यांनी हात केला. गाडी काढली, टेकडी चढलो, पुलावरून पलीकडे आलो. पुलावर गाडीचा वेग कमी करून मी दोन्हीकडे बघितलं. दोन्ही हातांना नदी होती.

मावशी त्याच दगडावर बसली होती. तिला गाडीत बसवलं, पट्टा लावला, हीटर सुरू केला. तिथून हील्ड्सबर्गपर्यंत सगळा रस्ता उत्तर काठानेच जातो, एकही पूल न लागता, हे मी नकाशात दोनदा तपासलं होतं. तिने डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले. गाडी पहिल्या वळणावर आली तेव्हा तिने विचारलं.

"नदी कुठल्या हाताला?"

मी वाकून खिडकीतून नीट बघून घेतलं आणि मगच सांगितलं.

"उजव्या."